मागच्या पिकाचा सांडलेला दाणा

समस्त आप्तेष्ट, इष्टमित्र आणि हे पान उलटण्याच्या बेतात असलेल्या वाचकांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, पापनाशम तालुक्यातलं ताळडीचं भात काल सकाळी साडेनऊच्या सुमारास फुलोऱ्यात आलं. या प्रसंगी मी स्वतः, माझी कानटोपी आणि माझा डावा गुडघा असे तिघे जातीने हजर होतो. पैकी गुडघ्याने जागीच निषेध नोंदवला.

ताळडी म्हणजे आमच्या तंजावूरकडचं दुसरं भात. पहिलं पीक कुरुवै. ते कापलं की त्याच चिखलात, त्याच्याच धसकटांमध्ये हे लावतात. मार्गळीचा, म्हणजे तुमच्या मार्गशीर्षाचा, महिना लागतो, पहाटे धुकं पडतं, देवळांचे कर्णे चार वाजता सुरू होतात आणि जरा गार वारं सुटलं की अख्खं तंजावूर हिमालयावर निघाल्यासारखं कानटोप्या घालून फिरायला लागतं. त्या दिवसांत हे भात निसवतं, म्हणजे लोंब्या बाहेर पडतात. भाताचं फूल निवांतपणे पाहिलेली माणसं फार थोडी. दोन तुसं जराशी उघडतात, पिवळसर धागे बाहेर लोंबतात, आणि तास-दीड तासात दुकान बंद. त्या तासाभरात शेताला कोवळ्या दुधासारखा वास येतो. तो वास घ्यायचा आणि झाडं मोजायची, याचा मला गेली सत्तावीस वर्षं सरकारकडून पगार मिळतो.

मी बियाणे तपासनीस आहे. एखाद्याला आपलं भात बियाणं म्हणून विकायचं असेल तर ते शुद्ध आहे की नाही, हे मी शेतात उतरून पाहतो. वरून पाहिलं तर सगळं हिरवं, सगळं सारखं. पण त्यात एखादं झाड चार बोटं उंच असतं, एखादं आठ दिवस आधीच निसवलेलं, एखाद्याच्या लोंबीला मिशा. ही भेसळ. हजार झाडांत एखादं. ते बघायला डोळा लागतो, आणि डोळ्यापेक्षा जास्त म्हणजे चिखलात उभं राहायची चिकाटी. भेसळ मर्यादेपेक्षा जास्त सापडली की शेत नापास.

नापास म्हटलं की शेतकऱ्याचा चेहरा पडतो. पापनाशमजवळच्या मुरुगेसनचं शेत मी एकदा नापास केलं, तेव्हा तो बांधावर मटकन बसला. म्हणाला, "सार, आता हे सगळं जाळून टाकू?" मी म्हटलं, "अरे, जाळतोस कशाला? बियाणं म्हणून नापास, भात म्हणून काय वाईट आहे? गिरणीला घाल. खा." पुढच्या वर्षी त्याच्याकडे गेलो तर त्याच्या बायकोने पानात भाताचा डोंगर वाढला आणि अगदी साळसूद चेहऱ्याने विचारलं, "नापास भात कसा शिजलाय, सार?" मी तीनदा घेतला.

हे मी इतकं खुलवून सांगतोय, कारण पुढचं सांगायचा मला कंटाळा आहे. कंटाळा नव्हे, थकवा. दरवर्षी ताळडी निसवली की तो दुधाचा वास येतो आणि त्या वासामागून अक्काची ती मार्गळी येते. ती येऊन बसली की माझ्यासारख्या बडबड्यालाही थोडा वेळ गप्प व्हावं लागतं. माझी बायको म्हणते, वर्षातले तेवढेच शांततेचे दिवस.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. राजवाड्यामागच्या गल्लीत आमची घरं समोरासमोर. घरात आम्ही मराठी बोलतो, भांडतो तमिळमध्ये आणि अर्ज इंग्रजीत करतो. देवनागरी आता गल्लीत तीन-चार जणांनाच वाचता येते, त्यामुळे या लेखात मी कुणाबद्दल काहीही लिहिलं तरी माझ्या जिवाला धोका नाही. अक्काला मात्र वाचता येते. तेव्हा जपून लिहितो.

अक्का चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झाली. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात तिच्या मोठ्या आतड्यात गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाली, मग औषधांचे फेरे सुरू झाले. केस फारसे गेले नाहीत, बोटं गेली. म्हणजे होती हाताला, पण त्यांतली जाण गेली. गार भांड्याला हात लागला की सुया टोचायच्या, आणि एरवी काहीच कळायचं नाही. मार्गळीत आमच्याकडे रोज पहाटे दारात मोठा कोलम घालतात. चिमटीतून तांदळाचं पीठ सोडत ठिपके, त्यांभोवती वळणं. अक्काचे कोलम गणिताच्या बाईचे असायचे, एक ठिपका इकडचा तिकडे नाही. त्या वर्षी पहिल्या दिवशी तिने ठिपके मांडायला घेतले, आणि पीठ कुठे ढीग, कुठे नुसती जमीन. ती वाकलेलीच राहिली. मग म्हणाली, "गोपू, बोटांत पीठ आहे की संपलं, तेच मज कळत नाही रे."

मी विनोद करायला तोंड उघडलं. मग पिठाचा डबाच तिच्याजवळ सरकवला.

औषधांचे ठरलेले फेरे मार्गळीच्या आधीच, कार्तिकात संपले होते. आता प्रश्न एकच होता: आत काही उरलंय का? उरलं असेल तर पुन्हा औषधं, आणि बोटांत राहिलेली थोडीफार जाणही जायची. अक्काने डॉक्टरांना आधीच सांगून ठेवलं होतं, "पोदुम. पुरे. पुन्हा घेणार नाही." डॉक्टर तरुण होते आणि दिवसाला शंभर माणसं बघून आमच्याहून जास्त दमलेले होते. ते म्हणाले, "अम्मा, आधी रक्त तर तपासू. मग भांडू."

ही रक्ताची तपासणी काय असते, ते मला वसूने फोनवर समजावलं. वसू अक्काची मुलगी, चेन्नईला अशाच एका प्रयोगशाळेत संगणकावर काम करते. नमुना तिच्याच प्रयोगशाळेत जाणार होता, पण तिथे माणसाला नाव नसतं, नंबर असतो, आणि आईचं काम तिच्या हाती देणार नव्हते.

"मामा, शरीरात पेशी रोज मरतात. त्यांच्या डीएनएचा चुरा रक्तात फिरत असतो. गाठ उरली असेल तर तिचाही चुरा त्यात असणार, पण अगदी थोडा. हजारो तुकड्यांत एखादा."

"हजारात एक?" मी खुर्चीत सरसावून बसलो. "आणि तो बाकीच्यांसारखाच दिसतो?"

"अगदी सारखा. एखादं अक्षर वेगळं असतं, बस. यंत्र सगळे तुकडे अक्षर-अक्षर वाचतं. पण वाचताना यंत्रही चुकतं. मग खरा बदल कुठला आणि वाचण्यातली चूक कुठली, हे ओळखायला संगणकाला शिकवायचं. जुने हजारो नमुने दाखवायचे, हा खरा, हा खोटा, हा खरा. दाखवून दाखवून त्याची नजर बसते."

"वसू," मी छाती फुगवून म्हटलं, "हे तर आमचंच खातं आहे! फक्त तुम्ही चिखलात उतरत नाही."

"हो मामा. आणि आमच्या संगणकाचे गुडघे दुखत नाहीत."

आईची जीभ उचलली आहे पोरीने.

आता मी केलेला पराक्रम. हा मी आजवर चार माणसांना सांगितला आहे, तुम्ही पाचवे.

कार्तिकात एके दुपारी रक्त घ्यायला सेल्वी नावाची बाई घरी आली. हात हलका, बोलणं भरभर. दोन नळ्या भरल्या, माझ्या हातात दिल्या आणि म्हणाली, "सार, मेल्ल, मेल्ल. हळूहळू दहा वेळा उलट-सुलट करा. मी बाहेर ओट्यावर बसून फॉर्म भरते." आत औषध असतं, ते रक्तात मिसळायला हवं, एवढंच.

पण माझ्या हातात नमुना दिला होता! नोकरीला लागल्यापासून मी शेतकऱ्यांना एकच मंत्र शिकवत आलो: नमुना घेण्याआधी माल एकजीव करा. पोतं वर-खाली करा, हलवा, घुसळा, नाहीतर वरचे दाणे एक सांगतील आणि तळाचे दुसरं. अक्का उदास बसलेली, म्हणून तिला हसवायला मी तिरुवैयारूच्या एका शेतकऱ्याची गोष्ट सांगत होतो, जो पोत्याच्या फक्त वरच्या थरात चांगलं बियाणं घालायचा. गोष्टीच्या तालात हात चालले. डावीकडे एक नळी, उजवीकडे एक. झांजा वाजवाव्यात तसा मी अक्काचं रक्त वाजवत होतो. अक्का हसली. कितीतरी दिवसांनी हसली. मी आणखी जोरात हलवलं.

आठवड्याने निरोप आला: नमुना निकामी. नळीतल्या पांढऱ्या पेशी फुटल्या आहेत. त्यांचा स्वतःचाच चुरा इतका झालाय की बाकी काही शोधता येत नाही. पुन्हा रक्त पाठवा. वसू फोनवर म्हणाली, "वाटेत कुरियरने आपटलं असेल." मी म्हटलं, "असेल, असेल. हल्ली कुरियरवाले..." आणि कुरियरवाल्यांच्या बेजबाबदारपणावर मी पाच मिनिटं असं काही बोललो की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं.

त्या रात्री वाटलं, ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या शेतातली भेसळ काढली, त्याने बहिणीच्या रक्तात स्वतःच्या हाताने भेसळ केली. सेल्वी पुन्हा यायला, नमुना पुन्हा जायला, तीन आठवडे गेले. आत काही उरलं असेल तर ते तीन आठवडे मी त्याला दिले होते.

दुसऱ्या खेपेला मी नळ्यांना हातही लावला नाही. देवघरात जाऊन उभा राहिलो.

त्या दुसऱ्या नमुन्याचा निकाल आला तेव्हा ताळडी फुलोऱ्यात होती. डॉक्टरांनी कागद पुढे केला. एक बदल सापडला होता. अगदी थोडा, हजारात दोन-चार तुकडे. खाली लिहिलेलं, उगम निश्चित नाही, पांढऱ्या पेशींशी ताडून पाहावं लागेल. मला त्यातलं "सापडला" एवढंच वाचता आलं. वसूने फोन केला तेव्हा तिचा आवाज कामावरच्यासारखा होता, म्हणजे फार जपून धरलेला.

"मामा, आईच्या कापून काढलेल्या गाठीत हा बदल नव्हता. म्हणजे हा गाठीचा नसेलही. पण गाठ उरली असेल तर तिच्यात नवा बदल होऊ शकतो. नळीतल्या पांढऱ्या पेशी आम्ही वेगळ्या ठेवल्यात, त्या वाचल्यावर कळेल. दहा दिवस."

"संगणकाला काय वाटतं?"

"संगणक म्हणतो, बदल खरा आहे, वाचण्यातली चूक नाही. कुणाचा आहे, ते तो सांगत नाही."

दहा दिवस. मी रोज शेतांवर जात होतो. त्या दिवसांत मला सगळीकडे भेसळ दिसायची. चांगल्या शेतात पाय टाकला की उंच झाडच आधी नजरेत भरायचं. एका शेतकऱ्याने शेवटी विचारलं, "सार, तब्येत बरी नाही का? तुम्ही माझं एकच झाड दोनदा मोजलं." मोजायचा कंटाळा येणं, हे माझ्या धंद्यात म्हातारपण. त्या मार्गळीत मी म्हातारा झालो. तेव्हापासून सकाळी शेताच्या कडेला गाडी लावली की उतरण्याआधी मी थोडा वेळ नुसताच बसतो.

अक्का मात्र रोज पहाटे कोलम घालायची. वाकडा, ढिगांचा. तिने एक युक्ती काढली होती: बोटांना कळत नाही तर कानांनी ऐकायचं. शेणाच्या सड्यावर पीठ पडताना अगदी बारीक आवाज येतो म्हणे. देवळाचा कर्णा सुरू व्हायच्या आधी ती दारात यायची, तो आवाज ऐकू यावा म्हणून. शेजारीण विचारायची, "काय मामी, अजून उजाडलं नाही तो तुमचं सुरू!" अक्का म्हणायची, "तुमचा देव लई बोलतो, म्हणून आधी उरकते."

सहाव्या की सातव्या दिवशी मी तिच्याजवळ पायरीवर जाऊन बसलो. धुकं होतं. माझ्याच्याने राहवेना.

"अक्का, पहिलं रक्त कुरियरने खराब नाही केलं. मी केलं. मी जोरात हलवलं. ते हलवायचं नसतं."

तिने हातातला ठिपका टाकला. मग पुढचा टाकला.

"ठाऊक आहे."

"ठाऊक आहे?"

"अरे, ताक घुसळावं तशा नळ्या घुसळत होतास माझ्यासमोर. बाहेर ती बाई ओरडून सांगते आहे मेल्ल, मेल्ल, आणि तुझं अस्कं लक्ष गोष्टीत."

"मग थांबवलं का नाहीस मला?"

अक्काने पाठ सरळ केली. कमरेवर हात ठेवून, वर्गात एखाद्या मुलाकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं.

"आधी हसू येत होतं. मग वाटलं, खराब झालं तर बरंच होईल. तीन आठवडे कुणी काही सांगणार नाही. गोपू, दर वेळी कागद उघडायचा मज फार शीण आलाय रे. तू दिलेस ते तीन आठवडे मी नीट झोपले."

एवढं बोलून ती पुन्हा वाकली. मी पिठाचा डबा धरून बसलो. तोवरच्या अख्ख्या नोकरीत मी काही केल्यामुळे कुणी नीट झोपल्याचं मी पहिल्यांदाच ऐकलं.

आता हे सगळं मागे पडलं, असं लिहिलं तर लेखाला शोभा येईल. तसं नाही. अजूनही काही महिन्यांनी सेल्वी येते. तिचे केस आता कानापाशी पांढरे झालेत, ती मला दारातूनच सांगते, "सार, तुम्ही बाहेर बसा." नळ्या जातात, यंत्र वाचतं, संगणक त्याच्या न दुखणाऱ्या गुडघ्यांवर बसून एकेक तुकडा तपासतो, आणि आम्ही थांबतो. पूर्वी आजार माणसाला गाठायचा, मग तो कळायचा. आता कळण्याची तयारी आधी करून ठेवायची आणि आजाराची वाट बघत बसायचं. वसू म्हणते, लवकर कळलेलं चांगलं. खरंच आहे. मीही शेतकऱ्यांना तेच सांगतो. पण फुलोऱ्याच्या वेळी मी बांधावर उभा राहिलो की त्यांच्या चेहऱ्यावर काय येतं, ते आता मला नीट दिसतं. पूर्वी वाटायचं, मला घाबरतात. आता कळतं, दमतात. उद्या सकाळी सेल्वी पुन्हा येणार आहे. अक्काने आजच निरोप धाडला आहे: गोष्ट नवी असेल तरच ये, तिरुवैयारूवाला तीनदा ऐकून झाला.

तर त्या वर्षीचा तो अकरावा दिवस. डॉक्टरांच्या खोलीत अक्का, मी, आणि रात्रीच्या गाडीने आलेली वसू. दार उघडंच, कारण बाहेरच्या बाकांवर माणसं इतकी की ते लागतच नव्हतं. डॉक्टरांनी कागद वाचला, चष्मा काढून डोळे चोळले, आणि तमिळमध्ये बरंच काही सांगितलं. तो बदल गाठीचा नव्हता. तोच बदल पांढऱ्या पेशींत सापडला होता, आणि तिथेही साधारण तेवढ्याच प्रमाणात. वय वाढलं की रक्त तयार करणाऱ्या पेशींत असले बदल आपोआप होतात. त्यांचा चुरा रक्तात येतो आणि यंत्राला तो दिसतो. त्यावर लक्ष ठेवावं लागेल, पण कर्करोग उरल्याची ही खूण नाही. सध्या औषधं नकोत.

वसू भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. अक्का तशीच बसली होती, सुन्न बोटं मांडीवर जुळवून. चौतीस वर्षं गणित शिकवलेल्या बाईला उत्तर मिळालं होतं, पण रीत कळली नव्हती. तिने माझ्याकडे पाहिलं.

"काय म्हणतात रे हे? आपल्या भाषेत सांग."

माझ्या वाट्याला आयुष्यात आलेली ती सर्वांत मोठी भूमिका होती.

"अक्का," मी म्हटलं, "ताळडीच्या शेतात कधीकधी एखादं वेगळं झाड दिसतं. आपण घाबरतो, रोग आला, वाईट जात शिरली. जवळ जाऊन बघावं तर ते कुरुवैचं असतं. मागच्या पिकाचा दाणा कापणीत सांडलेला असतो, तो आपला आपण उगवून येतो. तो रोग नव्हे. शेतात आधी एक पीक होऊन गेलंय, एवढंच त्याचं म्हणणं. तुझ्या रक्तात सापडलं ते तसलं आहे. वयाचं आहे."

"आणि तसलं झाड सापडलं की तू काय करितोस?"

तिच्याशी खोटं बोलायची सोय नव्हती. "नियमाने तीही भेसळच. जास्त असली तर नापास करतो."

 अक्काच्या चेहऱ्यावर ते कार्तिकातल्या दुपारचं हसू आलं, आणि बाहेरच्या बाकांवरच्या सगळ्या माना आत वळाव्यात एवढ्या मोठ्याने, शाळेतल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या आवाजात ती म्हणाली, "मग कर की नापास! मज आता कुठं कुणी पेरणार आहे? भात म्हणून चालते ना अजून, तेवढं लिहून दे!"